खालच्या रांगेतला चेहरा

मधू, तुझी शोकसभा चांगली झाली. रोह्यात एका माणसासाठी एवढी माणसं हॉलमध्ये बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्यातल्या निम्म्यांना तू रस्त्यात कधी साधी मान हलवली नव्हतीस. एकामागून एक वक्ता उठत होता आणि सांगत होता की आमचे मास्तर कोणाच्या दारात न जाता सगळा तालुका ओळखायचे. एकजण तुला ‘घरबसल्या गुप्तहेर’ म्हणाला आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! हार घातलेल्या फोटोतून तू नेहमीसारखाच बघत होतास, समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी.

मी शेवटच्या रांगेत होतो. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी घसा बसलाय अशी खूण केली. घसा ठणठणीत होता. मी बोललो असतो तर सभा मोडली असती, आणि तुझ्या मुलीच्या समोर ते मला करायचं नव्हतं. बाहेर चपला शोधत होतो तेव्हा तीच आली. म्हणाली, “काका, स्मरणिकेसाठी तुम्ही लिहा. बाबांना तुम्हीच खरं ओळखायचात.” ओळखत होतो, हे खरं. म्हणून लिहितोय.

तुझी पद्धत सभेत कोणालाच धड सांगता आली नाही. भूगोलाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर तुला एक गोष्ट उमगली होती. सरकार, कंपन्या, पुढारी, दलाल, सगळे आपल्या मनातलं आधी कुठेतरी उघड्यावर टाकतात. फक्त ते कोणी वाचत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसा, निविदा, तहसील कचेरीच्या फळ्यावर डकवलेले कागद, ऑनलाइन सातबारा, उपग्रहाचे नकाशे, लग्नपत्रिका, लोकांनी फेसबुकवर टाकलेले सहलीचे फोटो, आणि चौकाचौकातले बॅनर. ‘उघड्यावरची माहिती’ हा तुझा शब्द. यात चोरी नाही, लाच नाही, कोणाचं दार वाजवणं नाही. तू म्हणायचास, “विचारलं की माणूस खोटं बोलतो, दत्ता. न विचारता जे सांगतो तेवढंच खरं.”

किती आवडायचं तुला हे वाक्य! मला तेव्हाही वाटायचं की तुला तिटकारा खोट्याचा नाही, माणसांचा आहे. वर्गातल्या मुलाचं नाव तुला परीक्षा संपेपर्यंत आठवायचं नाही, पण त्याच्या बापाच्या शेताचा गट नंबर पाठ. तुझा शेजारी वारला, भिंतीला भिंत लागून घर, आणि तू ते कोपऱ्यावरच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर वाचलंस. मला पेणला फोन करून विचारतोस, “अरे, हा कधी गेला?” बायका रडत होत्या तेव्हा तू आत बसून कुठल्या तरी खात्याची निविदा वाचत होतास.

बॅनर वाचणं ही तुझी खास विद्या. पेणचा एसटी स्टँड, नागोठण्याचा नाका, रोह्याचं स्टेशन, तुझा फेरा ठरलेला. वर मोठा चेहरा कोणाचा, त्याच्या बाजूला कोण, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत कोण नवा आला आणि कोण गळला, हे तू फोनवर टिपून आणायचास. एका पुढाऱ्याच्या बॅनरवर त्याच्या साहेबांचा फोटो वाढदिवसागणिक लहान होत गेला, त्यावरून तो पक्ष बदलणार हे तू आधी सांगितलंस आणि तो बदललाही. “पक्ष सोडायच्या आधी माणूस फोटो बारीक करतो,” असं तू चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होतास. मी तेव्हा हसलो होतो. का हसलो ते तुला सांगितलं नव्हतं. तो फोटो माझ्या जावयाने बारीक केला होता. मजकूर लांबला, जागा पुरेना, म्हणून.

या जावयाचं, नितीनचं, पेणला फ्लेक्स छापायचं दुकान आहे हे तुला माहीत होतं. कंपनीतून निवृत्त झाल्यावर, जन्मभर शिफ्ट केल्यामुळे दुपारची झोप येईना, म्हणून मी तिथे जाऊन बसायचो आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ शुद्ध आहे की नाही ते बघायचो. म्हणजे तू जे बॅनर शिलालेखासारखे वाचायचास ते कसे तयार होतात ते मी रोज पाहत होतो. गिऱ्हाईक घाईत असतं, चेहरे कमी पडतात, मग जुन्या फायलीतून काढून डकवतात. तू एकदा तरी दुकानात येऊन बसला असतास तर अर्धी विद्या तिथेच विसरला असतास. पण दुकानात माणसं असायची, आणि माणसांशी बोलावं लागलं असतं.

तुझे उपकार मात्र नाकारणार नाही. गागोद्याच्या बाजूला दलाल डोंगरउताराच्या वरकस जमिनी मागत फिरत होते आणि लोक देऊन टाकायच्या बेतात होते. तू कुठूनशी एक फुटकळ निविदा काढलीस, झाडं मोजण्याच्या कामाची. तिच्यात गावांची नावं ओळीने होती. ती तू नकाशावर मांडलीस आणि म्हणालास, “हा रस्ता आहे.” फेसबुकवर लिहिलंस आणि मोकळा झालास. ते तिथल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न तुला पडलाच नाही. मी अंगणाअंगणात बसून सांगत फिरलो. लोक थांबले, आणि पुढे रस्ता खरंच जाहीर झाला. एका म्हातारीने माझ्याबरोबर घरचे कडवे वाल दिले. म्हणाली, “मास्तरांना द्या हो, सांगा आमचा शिवार राहिला.” मी ते रोह्याला आणले, तर तू पिशवी न उघडता परत माझ्या हातात दिलीस. “कोण भिजवणार आणि कोण सोलणार? तूच ने.” नेले. आमच्याकडे बिरडं झालं. मी जेवता जेवता हिला म्हटलं होतं, या माणसाला काय मिळालं तेसुद्धा कळत नाही.

त्या रस्त्याने तुझं नाव झालं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. आता काशिनाथचं.

तुझ्या मुलीला आणि स्मरणिका वाचणाऱ्यांना काशिनाथ माहीत नसेल. खारेपाटातला माणूस. खाडीच्या बांधाला लागून भातशेती, पाऊस संपला की मिठागरावर काम. मधली काही वर्षं तो आमच्या कंपनीत ठेकेदाराकडे होता, तिथली आमची ओळख. माझ्या मुलीच्या, सुमनच्या लग्नाला आला तेव्हा मी बळेच त्याला फेटा बांधायला लावला होता. त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. देखणा दिसत होता.

त्यांच्या खाडीकाठच्या जमिनी एका प्रकल्पाला हव्या होत्या. गावांनी समिती केली आणि एकट्याने कोणी विकायचं नाही असं ठरवलं. पण जमिनी जमवणारा दलाल, ज्याला सगळा तालुका नुसतं शेठ म्हणतो, तो नेमक्या डळमळलेल्या घरात जाऊन बसायचा. जिथे भाऊ भांडलेत तिथे, जिथे मुलीचं लग्न तोंडावर आलंय तिथे. आतलं कोणीतरी त्याला सांगतंय, अशी कुजबुज सुरू झाली. फितूर शोधायला समितीने तुला बोलावलं, आणि तू असा फुललास की निवृत्तीनंतर मी तुला तसं पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास शेठचा वाढदिवस आला आणि बॅनर छापायला नितीनकडे आला. मी खुर्चीवर बसून ‘शुभेच्छुक’ तपासत होतो.

“मामा, खालच्या रांगेत एक तोंड कमी पडतंय. डावीकडे चार, उजवीकडे तीन. वाकडं दिसतं,” नितीन म्हणाला.

“टाक कोणालाही.”

“शेठची माणसं सांगून गेलीत, खारेपाटातलं कोणी असलं तर बरं. तुमच्या फोनमध्ये बघा की. फेटाबिटा असला तर एकदम झकास.”

मी काशिनाथचा फोटो दिला. फोन करून त्याला विचारायला काय लागत होतं? पण मनातच आलं नाही. बॅनरवर तोंड येणं म्हणजे मान, त्याला कोण नको म्हणेल, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. पेणमधली कितीतरी तोंडं अशीच न विचारता चौकात लटकत असतात. मधू, तू खारेपाटातला फितूर शोधत होतास हे मला माहीत होतं. तरीही या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. इतका मी मूर्ख.

तुझ्या डोक्यात मात्र लगेच आल्या. आपण एसटीने खारेपाटात निघालो तेव्हा तू नुसतं “सापडला” म्हणालास. नाव सांगितलं नाहीस, तुला नाटक आवडायचं. देवळात गावकी बसली होती. तू उभा राहून उघड्यावरच्या माहितीवर छोटंसं व्याख्यान दिलंस, आणि मग पेणच्या स्टँडवरच्या शेठच्या बॅनरचा फोटो उघडून फोन पहिल्या माणसाच्या हातात दिलास.

“ह्यो आपला काशिनाथ नाय?”

“व्हय रं. शेठचा शुभेच्छुक झालाय.”

“आन बघा, फेटा बांधून!”

काशिनाथ खांबाला टेकून बसला होता, तो उठला. “माना काय बी म्हाईत नाय. मी फोटो दिला नाय कोनला.”

“मग काय फोटो आपल्या पायानं चालत पेनला गेला?” कोणीतरी म्हणालं आणि देऊळ हसलं.

तू दुसरा पुरावा काढलास. काशिनाथच्या सुनेने फेसबुकवर टाकलेला फोटो, दारात नवी कोरी मोटारसायकल. ती मोटारसायकल पाहुण्याची होती, आणि हे तिथे बसलेल्या दहाजणांना तरी माहीत होतं. त्यांनीच ती रेतीतून ढकलून बाहेर काढली होती. त्या दिवशी कोणालाही आठवलं नाही. मास्तर सांगतायत म्हटल्यावर आपण स्वतः पाहिलेलं विसरायला माणसाला फारसा वेळ लागत नाही.

काशिनाथ मग तुझ्याकडे वळला. “मास्तर, तुमी माना एकदा इचारायचा तरी व्हता.”

तू म्हणालास, “विचारून काय झालं असतं? तू नाहीच म्हणाला असतास.”

एव्हाना फोन माझ्याकडे आला होता. मी बघितलं. फेटा, चेहरा, आणि त्याच्या खांद्यावर कापायची राहून गेलेली चार बोटं. माझी. मी फोन पुढच्या माणसाच्या हातात दिला.

एवढंच केलं मी. गेली दोन वर्षं मी ते पुन्हा पुन्हा आठवून बघतोय, आणि दर वेळी एवढंच निघतं की मी फोन पुढे दिला. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण देवळात शेठचं नाव निघालं की लोक थुंकत होते, आणि तो बॅनर माझ्या जावयाच्या दुकानातला, फोटो माझ्या फोनमधला. मला वाटलं, बाहेर पडून सांगू, शांतपणे सांगू.

बाहेर काशिनाथची बायको जनाबाई पायरीशी उभी होती. फोन बायकांच्या घोळक्यातही फिरून गेला होता. ती हळूच म्हणाली, “अण्णा, ह्यो फेटा तुमच्या सुमनच्या लगनातला नाय का हो?”

“फेटे सगळे सारखेच दिसतात, वहिनी.”

“आन खांद्यावरची बोटां?”

मी एसटी चुकेल म्हणालो. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी हात खिशात घातला.

तिला अक्षर ओळखता येत नाही, मधू. तिने बोटं पाहिली, आणि एका माणसाला विचारलं. खोटं त्या माणसाने सांगितलं, पण विचारलं तिने. तू सबंध तालुक्याचे बॅनर वाचणारा. तुला त्या फोटोत एक शुभेच्छुक दिसला, आणि तो कोणाच्या तरी बाजूला उभा होता हे दिसलं नाही.

गावकीने काशिनाथला वाळीत टाकलं. वाळीत टाकतात म्हणजे काय करतात ते तू कधी जाऊन पाहिलं नाहीस. काही करत नाहीत. गिरणीवाला म्हणतो मोटार बिघडलीय. दुकानदाराला काशिनाथ दिसत नाही. गणपतीत त्याच्या घरी आरतीला घरचेच तेवढे, टाळ वाजवायला दुसरा हात नाही. याविरुद्ध कायदा आहे म्हणतात. कायद्याला सांगायला कोणीतरी जावं लागतं, आणि ज्या गावात राहायचं त्याच गावावर तक्रार करायला काशिनाथ गेला नाही. त्याची आई गेली तेव्हा गावातून खांदा द्यायला कोणी आलं नाही. बाहेरगावचे पाहुणे पोचेपर्यंत मयत अंगणात राहिलं. बांधावर माणसं उभी होती आणि दुसरीकडे बघत होती. मला हे नंतर कळलं. कळल्यावरही मी गेलो नाही.

तुला मात्र मी त्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांत सांगितलं होतं. कुंडलिकेच्या काठाने आपण फिरत होतो. मला वाटलं तू चिडशील, मला शिव्या घालशील, आणि मग आपण दोघे उद्याची पहिली एसटी पकडून गावात जाऊ. तू चिडला नाहीस. एखादी नवी निविदा दाखवावी तसं तू ऐकून घेतलंस. “म्हणजे माझा स्रोत तू होतास?” असं म्हणून चक्क हसलास.

“चल, जाऊन सांगू,” मी म्हटलं.

“आणि काय होईल? उद्या म्हणतील रस्त्याचंही खोटं होतं. मास्तरांचं सगळंच खोटं. मग शेठ एकेकाच्या सह्या-अंगठे घेत सुटेल. एका काशिनाथसाठी सगळा खारेपाट घालवायचा?”

“त्याने काय केलंय?”

“काही नाही. पण आता मागे येता येत नाही. छापलं गेलं की गेलं.”

यावर आपण नदीच्या पुलापर्यंत भांडलो आणि भांडण तिथेच सोडून चहा प्यायलो. तुझ्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. लोकांचा विश्वास खरोखर एका धाग्यावर होता. पण तुला खारेपाटाची काळजी होती हे मला तेव्हाही पटलं नाही. तुला तुझ्या नावाची होती. आणि मला माझ्या. तू मला एक भारदस्त कारण दिलंस आणि मी त्याच्या आडोशाला दोन वर्षं आरामात बसलो. आपल्यापैकी जास्त हलका कोण, हे ठरवायला तू थांबायला हवं होतंस.

मग शेठ दुकानात आला. पुढच्या वाढदिवसाच्या बॅनरचं बोलायला, पेढे घेऊन. मी धीर करून विचारलं, “शेठ, खारेपाटातला तुमचा माणूस कोण हो?”

“माणूस?” त्याला खरंच कळेना. मग तो हसत सुटला. “अण्णा, माणूस कशाला लागतो? तुमचे मास्तर रोज लिहितात की फेसबुकवर. अमक्या गावात भावांचं पटत नाही, लोकांनी सावध राहावं. तमक्या वाडीत समिती ढिली, लक्ष द्यावं. लोक देत नसतील लक्ष, आम्ही देतो. घ्या, पेढा घ्या.”

मी पेढा घेतला. हातात होता तोवर वितळला.

हे सांगायला मी रोह्याला आलो ती आपली शेवटची भेट. तू स्टेशनवरच भेटलास, बाकावर. मी शेठचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तू खिशातून फोन काढलास आणि स्वतःचं जुनं लिहिलेलं वाचत बसलास, एकेक वर सरकवत. सगळं होतं तिथे. कोणत्या घरात फूट, कोणाला पैशाची निकड, कोण समितीत येईनासा झाला. गावांना सावध करण्यासाठी तू लिहिलंस असं तू म्हणाला असतास. पण गावांना ते माहीतच होतं. आपल्याला किती माहीत आहे हे तू जगाला दाखवत होतास. फितूर शोधायला निघालेला माणूस बाकावर बसून फितुराचं लिखाण वाचत होता, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

“गाडी आली तुझी,” तू म्हणालास.

त्यानंतर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. सभेत एकजण म्हणाला, अखेरच्या काळात मास्तर थकले होते. थकला नव्हतास. मला एवढं माहीत आहे. जायच्या आधी काही दिवस तुझा एक फोन येऊन गेला होता. मी घरात होतो, वाजताना ऐकला, आणि उचलला नाही. तुझा नवीन युक्तिवाद ऐकायची मला इच्छा नव्हती. कदाचित तो युक्तिवाद नसेलच. कदाचित तू म्हणणार असशील की चल, जाऊ. ते आता मला कुठल्याही नोटिशीत, कुठल्याही फळ्यावर सापडणार नाही, आणि विचारायला तू नाहीस. तुझ्यावरच्या सगळ्या रागात हे एक असं आहे की ज्याच्यावर मला रागावता येत नाही.

तुझं तेरावं झाल्यावर मी खारेपाटात गेलो. देवळात तीच माणसं. मी उभा राहून सांगितलं की फोटो मी दिला होता, काशिनाथला न विचारता, आणि शेठला कोणीही काही सांगत नव्हतं, तो मास्तरांचंच वाचत होता.

“मास्तर मेल्यावर बरं सुचला तुमाला,” एकजण म्हणाला.

“मेलेल्या मानसाला खोटा पाडताव?”

मी लग्नातला पूर्ण फोटो दाखवला, त्यात मी, माझा हात, माझी बोटं. फोन पुन्हा हातोहात फिरला. बराच वेळ फिरला. शेवटी गावकीतला म्हातारा म्हणाला, “बरा, झाला ता झाला. काशिनाथनं देवापुढं नारल ठेवावा, माफी मागावी, मिटवून टाकू.”

ऐकलंस? चूक तुझी, माझी आणि त्या सगळ्या देवळाची, आणि नारळ काशिनाथचा. तुला या लोकांबद्दल जी तुच्छता वाटायची ती मला त्या क्षणी पहिल्यांदा पुरेपूर कळली. फक्त तू बाहेर उभा राहून तुच्छ मानायचास. मी त्यांच्यातलाच एक होतो.

काशिनाथ ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, नारळाचंही.

“नारल नाय ठेवनार,” तो म्हणाला.

“मग मी काय करू?”

त्याने बराच वेळ जाळ्याचं एक घर नीट केलं. “जिथं माझा तोंड लावला व्हता ना, स्टँडवर, तिथंच लावा. तेवराच मोठा. काय केलाव ता लिवा. खाली तुमचा फोटो.”

“आणि मास्तरांचा?”

“नको. मेलेल्याला इचारनार कसा?” मग आतल्या बाजूला बघत म्हणाला, “जने, पानी आन गो.” जनाबाईने पाण्याचा तांब्या आणून ओट्याच्या कडेला ठेवला आणि आत गेली. मी प्यायलो.

नितीन म्हणाला, “मामा, शेठ आपलं गिऱ्हाईक आहे. आणि लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, मजकूर तपासलाय, छाप. ‘याच जागी लागलेल्या बॅनरवर काशिनाथचा फोटो मी त्याला न विचारता दिला होता. तो शेठचा माणूस नव्हता आणि नाही. हे मला माहीत असून मी गप्प बसलो.’ खाली माझं नाव आणि फोटो. एका बाजूला कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, दुसऱ्या बाजूला हमरापूरच्या गणपतीच्या मूर्तींचा, मध्ये मी. लागला त्या दिवशी दोघातिघांनी घरी फोन करून हिला विचारलं, “अण्णा कधी गेले?” फोटो पाहिला होता, मजकूर वाचला नव्हता. तुझे चाहते असावेत.

हा लेख मी तुझ्या मुलीला आधी वाचायला दिला. काशिनाथ काय म्हणाला तेही सांगितलं आणि तिला म्हटलं, “मेलेल्याला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतो. छापू का?” दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. म्हणाली, “छापा. पण एक ओळ गाळू नका.” तेव्हा गाळली नाही.

बॅनर लागून आठवडा झाला असेल. मी स्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो होतो. काशिनाथ आणि जनाबाई बाजार करून आले, पिशव्या खाली ठेवल्या आणि बॅनरसमोर उभे राहिले. तो तिला वाचून दाखवू लागला, शाळेतल्या मुलासारखं, एकेका शब्दावर थांबत. वाचून झालं. ती बॅनरकडे बघतच होती.

“परत वाचा,” ती म्हणाली.

त्याने परत वाचलं, या वेळी मोठ्याने. बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या. त्यात त्यांच्या गावचेही दोघेतिघे होते.

“परत.”

तो तिसऱ्यांदा वाचत असताना त्यांच्या गावची एसटी लागली. कंडक्टरने घंटी मारली. गावची माणसं चढली, खिडकीतून खाली बघत राहिली. काशिनाथने वाचणं थांबवलं नाही. एसटी सुटली. ते चढले नव्हते.